मावशीने अडवलेली अनामत

बुलढाणा, मार्गशीर्ष, गुरुवार संध्याकाळ

आज पुन्हा बाळाला घेऊन एसटीने मलकापूरला जाऊन आले, आमच्या जुन्या खोलीच्या अनामतीसाठी. महाराष्ट्राचं नवं राज्य झालं, यांची इकडे बदली झाली, तरी घरमालकीण मावशी पैसे देतच नाही. कधी पेटीची किल्ली सापडत नाही, कधी अंग दुखतं. हे चिडतात, पण मागायला मलाच धाडतात.

खोली अजून रिकामीच. खिडकीत मी ठेवून आलेली तुळस मात्र हिरवीगार. मावशी रोज पाणी घालते वाटतं. बाळंतपणात मी तापाने पडले होते, तेव्हा त्याच तुळशीपाशी बसून मावशी बाळाला जोजवायची. मला आई नाही.

शेवटी विचारलंच, “मावशी, पैशांची अडचण आहे का?”

तिने पेटीतून सगळे पैसे काढून पुढे ठेवले. “अडचण काई नाई, पोरी. पैसे देल्ले त तू कायले येशीन? लेकरू कसं दिसंन मले?”

बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. मी पैसे तिच्याच हातात परत दिले.

घरी यांनी विचारलं, “दिले का?”

“नाही. संक्रांतीला बोलावलंय.”

किती लांब आहे अजून संक्रांत!