कादंबरीतली बहीण

"वन्सं, तुमच्या पुस्तकातली बहीण सगळं सांगते. मग तुम्ही का नाही सांगितलंत?" वहिनीच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बाकी जे काही आहे, त्याची माझ्यामागची व्यवस्था खाली लिहिते. वय अठ्ठावीस, घरातली पहिली पदवीधर. डोकं ठिकाणावर आहे आणि हे कुणी माझ्याकडून लिहवून घेत नाही.

१. दादाची हत्यारं. दादा वायरमन होता. मतदारयादीतून आमच्या वस्तीची नावं उडाली, तेव्हा मी दारोदार फिरून अर्ज भरून घेतले, धरणं धरलं. लाउडस्पीकर लावायला दादाला मीच बोलावलं. पोलीस अधिकाऱ्याने त्याच्या डोक्यात काठी घातली आणि दादा त्याच दिवशी गेला. पक्कड, टेस्टर, ड्रिल मशीन त्याच्या प्लंबर मित्राला द्यावं. मित्राने स्वतःची शिडी मात्र विसरावी, ती त्या गडबडीत मोडली.

२. कादंबरी. त्याआधी चळवळीत वर्षभर मी लोकांना सांगत होते, साक्ष द्यायला घाबरू नका. दादाच्या मृत्यूच्या चौकशीत मला विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी पाठमोरी होते, काही दिसलं नाही." मी समोर होते, तीन हातांवर. नंतर चळवळ सोडली, दुःखामुळे सोडली असं सांगितलं आणि लिहायला बसले. कादंबरीतली बहीण भर न्यायालयात अधिकाऱ्याकडे बोट दाखवते. वाचक लिहितात, "ताई, काय हे धाडस!" ती पत्रं जाळावीत, मला ती पुन्हा उघडायचीही लाज वाटते. पुस्तकाचे सगळे हक्क वहिनीचे. पुन्हा छापायचं नसेल, तर तिची मर्जी.

३. पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी भिंतीवर लावलंय, ते त्यांचंच. पाहुण्यांना दाखवताना "आमची पोर कुणाला भीत नाही" एवढं मात्र म्हणू नये.

४. प्रकाशकाने मुखपृष्ठावर 'डोळ्यांदेखत घडलेलं' असं छापलं, म्हणून मी तीन वर्षं त्याच्याशी बोलले नाही. अख्ख्या पुस्तकात तेवढंच खरं होतं. राग मागे घेते.

५. सही करायला आलेल्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "अगं, लग्नाचा पत्ता नाही आणि मृत्युपत्र कसलं करतेस?" घाईचं कारण असं: दादाचा खटला पुराव्याअभावी बंद होणार होता. आज सकाळी मी वकीलबाईंबरोबर न्यायालयात गेले. आधीचा जबाब खोटा होता हे शपथेवर सांगितलं, अधिकाऱ्याचं नाव घेतलं आणि सही करून आले.

साक्षीदार: घरमालकीणबाई (सही), वकीलबाई (सही)
लिहून ठेवणार: दादाची बहीण (सही)
ठिकाण: माझी भाड्याची खोली
दिनांक: १७ जून, दुपार