बंद करू नका, म्हणाला होतात

वहिनी,

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. उघडण्याआधी हे वाचा. तुम्ही शाळेतून यायच्या आत निघतोय, तोंडावर सांगायचा धीर होत नाही.

त्याच्या आतल्या पंख्यात धूळ होती, म्हणून तो आवाज करत होता; ती काढली. बाकी काहीच बिघडलं नव्हतं. पण खोलण्याआधी मी लॅपटॉप बंद केला. वीस वर्षं दुकानात हेच करतोय, हाताला तीच सवय. देताना तुम्ही दोनदा म्हणाला होतात, "भावजी, बंद मात्र करू नका." मला वाटलं, दादाची वस्तू म्हणून जीव अडकलाय.

दादाने तुमच्या बोटाचा ठसा त्यात घालून ठेवला होता, म्हणून तो रोज उघडायचा. पण एकदा बंद करून चालू केला की ठसा चालत नाही, पासवर्डच मागतो. तो दादाबरोबर गेला.

सगळ्यांचे वाढदिवस, मांजराचं नावसुद्धा टाकून पाहिलं. इतक्या चुकांनंतर आता लॅपटॉप तासातासाने एकदाच पासवर्ड विचारतो. पूर्वी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायचो. हल्ली ती बोर्डातच बसवलेली असते, तीही कुलूपबंद. कंपनीवाले म्हणाले, सगळं पुसून नव्यासारखा करून देतो. मी नको म्हटलं.

आवाज गेल्यावर दादा त्यात लिहायचा आणि तुम्ही खाली उत्तर लिहायचात. तो गेल्यावरही तुम्ही खाली लिहीत होतात, मला माहीत आहे. ते सगळं आत तसंच आहे.

काही आठवलं तर कळवा. हवं तेवढं रागवा, पण कळवा.

पंखा आता अजिबात आवाज करत नाही.