मिलिमीटरच्या उशाशी

मंगळवार, ९ सप्टेंबर

मिलिमीटर इस्पितळात आहे. जेवणाच्या सुट्टीत मालकांनी सांगितलं. पोटाचं दुखणं, दीड महिना झाला, आता काही खरं नाही. "सगळ्यांनी एकेकदा जाऊन या." मग माझ्याकडे वळून — "तुमची मुद्दाम चौकशी करत होत्या."

माझी!

चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसून "मेण संपलं" आणि "बर्नर बंद कर" यापलीकडे जिने माझ्याशी शब्द काढला नाही, ती माझी चौकशी करते? कुठंतरी पाणी मुरतंय.

बुधवार, १० सप्टेंबर

डोक्यातून जात नाही. लिहून टाकते.

आम्ही दोघी कवळ्या बनवतो. तिच्या हातात सदैव मोजपट्टी, म्हणून मिलिमीटर. चार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी बिघडलेलीच बाहेर गेली. आतून एक गाठ राहिली होती, हिरडी सोलून रक्त आलं. त्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला काम देणं बंद केलं. मालकांनी विचारलं, कुणाच्या टेबलावरची? हिने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. मी शपथेवर नाही म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मुख्य कारागिराची जागा माझी होती, ती तिला मिळाली.

आणि आता चौकशी!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

भाईजानला विचारलं, जाऊ का? म्हणाला, "ती आपल्यातली नाही. जायचंच तर दीनची दावत द्यायला जा, इस्लामकडे बोलवायला. नाहीतर कशाला?"

मन भरलं नाही. संध्याकाळी त्यालाच घेऊन इमामसाहेबांच्या घरी गेले. कानाने कमी आहेत, पण बोलणं सरळ. म्हणाले, "जायलाच हवं. शेजाऱ्याचा, सोबत काम करणाऱ्याचा हक्क असतो, धर्म कोणताही असो. पैगंबरसाहेबांची खिदमत करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तर ते स्वतः भेटायला गेले. उशाशी बसले."

भाईजानने लगेच पकडलं — "आणि त्याला दावत दिली! तो मुसलमान झाला!"

"दिली की. पण आधी उशाशी बसले ना? तू नेमकं ते बसणंच गाळतोस."

मला ओढणीत हसावं लागलं.

मग मला म्हणाले, थोडंच बस. धीर येईल असं बोल. तिला आराम पडावा अशी दुआ कर, तिच्यासाठी ती करता येते. तिच्या पूजेत सामील होऊ नकोस, पण तिच्या देवाबद्दल वाकडा शब्दही नको.

उठताना म्हणाले, "नियत काय आहे, बेटी?"

"भेटायचं. दुसरं काय?"

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

इथे खरं लिहिते. मला तिला खाटेवर पडलेली बघायचं आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

जाऊन आले. सहा खाटांची खोली, हिची खिडकीजवळ. उशाशी तिच्या देवाची छोटी तसबीर. अंगाची नुसती काडी झाली आहे. बघायचं होतं ते बघितलं. बरं वाटलं नाही.

पण वागणं! मी जवळ जाताच चादर नाकापर्यंत ओढली. माझा वास येतो काय? मी नेलेली मोसंबी लेकीने कपाटात ठेवून दिली, हिने बघितलीही नाही. आमच्या हातचं चालत नसेल. मी तब्येत विचारली, तर चादरीतूनच "हं".

लेक पाणी आणायला गेली तेवढ्यात माझं मनगट धरलं. चादरीतून पुटपुटली, "परत ये. एकटी."

दहा मिनिटांत उठले. दुआ राहिलीच.

सोमवार, १५ सप्टेंबर

एकटी का?

माफी मागणार असेल. मरताना सगळेच मागतात. उत्तर तयार आहे — "माफ करणारा अल्लाह. मी कोण?" आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आवाज थंड लागला पाहिजे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

माफी नाही, काही नाही!

लेकीला तिने औषधं आणायला पिटाळलं. मला पडदा ओढायला सांगितला. मग चादर खाली केली — तोंडाचं बोळकं! एकही दात नाही. उशीखालून कवळी काढली. वरची, खालची. काम बघताक्षणी ओळखलं, तिचंच. बाईने म्हणे बावीस वर्षं स्वतःच्या हातच्या कवळीने आम्हा सगळ्यांच्या देखत भाकरी चावली आणि आम्ही कवळ्या बनवणारे, आम्हाला पत्ता नाही!

"बसत नाही आता. हिरड्या आटल्या." बोलताना नुसती हवा. "लेकीलाही माहीत नाही. जेवायच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढते. डॉक्टरांना सांगितलं तर कवळी आपल्याकडेच येणार. सगळे हसतील. तू आतून थर देऊन दे."

"मीच का?"

"तुझा हात चांगला आहे."

चार वर्षांनी!

तिथल्या तिथे माप घेतलं, कवळी रुमालात बांधून आणली. आणि रस्त्यात मनात आलं, हा सापळा तर नसेल? उद्या हिची हिरडी सोलली तर पुन्हा माझंच नाव. मरताना शेवटचं बोट माझ्याकडे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सगळे गेल्यावर साचा ओतला. सुकल्यावर भिंगाखाली धरला. डाव्या बाजूला, हिरडीच्या कडेला, बुडबुड्याचा खड्डा. मोहरीएवढा. असाच पुढे ढकलला तर कवळीत गाठ उठणार.

बराच वेळ बघत बसले.

साचा फोडला. पुन्हा ओतला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

घट्ट बसली. तिने आरसा मागितला, दात दोनदा आपटून पाहिले. म्हणाली, "उजवीकडे अर्धा मिलिमीटर उंच आहे." तिथेच कानशीने घासून दिलं. मग लेकीला हाक मारली आणि तिच्यासमोर मोसंबीची फोड खाल्ली. लेक रडायलाच लागली.

आज दुआ केली. मनातल्या मनात, तिच्या उशाशी बसून. नियत साफ होती का? निम्मी.

रविवार, २१ सप्टेंबर

आज तिला सांगून टाकलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी माझ्याच टेबलावरची. साच्यातला खड्डा मी पाहिला होता. घरी जायची घाई होती, तसाच पुढे ढकलला. शपथ खोटी होती. या वहीतही चार वर्षं खोटंच लिहीत आले.

ती म्हणाली, "साचा कुणाचा ते मला ठाऊकच होतं गं. तुला ठाऊक आहे की नाही, एवढंच कळत नव्हतं. ते विचारायलाच बोलावलं होतं तुला. मग विचारवेना."

"म्हणजे कवळी नुसतं निमित्त?"

"छे! कवळी तर बसतच नव्हती."

उद्या मालकांना सांगणार.