राजाला चष्मा नसतो

४ ऑगस्ट
ठरलं. चष्म्याशी संबंध संपवायचा. डोळ्यांचं ऑपरेशन.
कारण एकच, जत्रेतला राजपार्ट. दशावतारात राजाला मुकुट चालतो, तलवार चालते, चष्मा चालत नाही. गेल्या वर्षी नेहमीसारखा चष्म्याशिवाय उतरलो आणि राणी समजून राक्षसाला प्रिये म्हटलं. दोघंही लाल कपड्यांत, माझी काय चूक? आपल्याकडे संवाद पाठ नसतात, जागच्या जागी रचायचे असतात. राक्षसाने सांभाळून घ्यायला हवं होतं. मेला लाजला.
मंडळाचं म्हणणं, यंदा नीट दिसत नसेल तर राजा सिद्धेश. सिद्धेश! आवाज असा की कोंबडीसुद्धा वळून बघणार नाही. माझ्या पुत्रविलापाला बायका पदर तोंडाला लावतात, बाप्ये टॉवेल. धूसर दिसतं, पण एवढं दिसतं.

९ ऑगस्ट
मोबाइलवर अभ्यास पूर्ण. लॅसिक : बुबुळावर शहाळ्यासारखं झाकण कापायचं, आत लेसर मारायचा, झाकण बंद. पण मी तलवारीचा माणूस. धक्क्याने झाकण सरकलं तर? कॅन्सल. पीआरके : झाकण नाही, वरची साल काढायची. दुखतं, भरायला वेळ. कॅन्सल. आयसीएल : आपल्या भिंगापुढे डोळ्यात आणखी एक भिंग. म्हणजे चष्माच आत घालायचा! कॅन्सल. स्माइल : बारीक चीर, झाकण नाही, लवकर आराम. फायनल.
बायकोला सगळं समजावलं. सत्यवती म्हणाली, डॉक्टराक इचारलात काय? या बाईला सायन्स कळत नाही.

२० ऑगस्ट
चमत्कार! पेपर चष्म्याशिवाय वाचला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी! रोज सकाळी माडांच्या शेंड्यांकडे टक लावून बघतो, त्याचा परिणाम. लांबचा नंबर मात्र पुन्हा वाढलाय. चष्मेवाल्याचं मशीन बिघडलेलं असणार. ओरोसच्या ऑफिसातून परतताना समोरच्या गाड्यांच्या लाइटभोवती प्रभावळ दिसते. लोक कसले भिकार बल्ब लावतात हल्ली!

३१ ऑगस्ट
सासूबाई मोतीबिंदू काढून आमच्याकडे मुक्कामाला. काळा गॉगल, तासातासाला थेंब, येईल त्याला डोळा दाखवणं. काय करणार, म्हातारपण. मी लांबूनच सहानुभूती दाखवली.

१२ सप्टेंबर, दुपार
म्हापशाला डॉक्टर जॉयसीबाईंकडे. बसल्या बसल्या सांगितलं, स्माइल करून टाका. त्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं? मग मलाच लेक्चर : नंबर वर्षभर स्थिर लागतो, बुबुळाची जाडी मोजावी लागते, डोळे कोरडे नकोत, चाळिशीनंतर वाचायचा चष्मा बहुतेकांना लागतोच. मी म्हटलं, मला लागत नाही, माझी केस वेगळी आहे. त्या म्हणाल्या, तेच बघूया. थेंब घालून बाहेर बसवलंय. अक्षर वेडंवाकडं येतंय, थांबतो.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
मोतीबिंदू.
नंबर वाढतो त्यानेच. पेपर दिसतो त्यानेच. प्रभावळही त्याचीच. बाई म्हणाल्या, कंदिलाची काच बाहेरून घासून काय उपयोग, काजळी आतून धरलीय. मळकं भिंग काढायचं, नवं बसवायचं. लांबचा नंबरही त्यातच जाईल, वाचायला मात्र चष्मा. आधी उजवा डोळा, मग डावा.
मोतीबिंदू हा शब्द घरात काढायचा नाही. ‘लेन्स बेस्ड रिफ्रॅक्टिव्ह प्रोसीजर’ म्हणायचं.

८ ऑक्टोबर
उजव्या डोळ्याची प्रोसीजर झाली. कळलंसुद्धा नाही. घरात पाय टाकला आणि सासूबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, जावयबापू, तुमकाव ह्येच थेंब? वर आपला काळा गॉगल मला दिला, माका आता नको म्हणून. सिद्धेश तब्येत बघायला आला तेव्हा मी तोच घालून पडवीत बसलो होतो. नको तेव्हा कडमडायची सवयच त्याला.

१५ नोव्हेंबर
तोंडाला रंग लावायला डॉक्टरबाईंची परवानगी. मंडळाची परीक्षाही पास! डावा डोळा झाकून देवळामागच्या माडावरचे नारळ मोजून दाखवले. राजपार्ट माझा. सिद्धेश द्वारपाल.
संकल्प : आजवर विलापाला पब्लिकचे नुसते पदर आणि टॉवेल दिसले. यंदा त्यांचे अश्रू बघून घ्यायचे.

९ डिसेंबर
जत्रा झाली. राणीला राणी म्हटलं, राक्षसाला राक्षस. मग पुत्रविलाप. गुडघ्यांवर बसलो, हात पसरले, हंबरडा फोडला.
बायकांनी पदर तोंडाला लावले. पदराआड हसत होत्या. बाप्यांनी टॉवेल दातांत धरले होते, खांदे गदगदत होते. कडेला खाजं विकणारा मिठाईवाला तर पोट धरून खाली बसला. सगळं स्वच्छ दिसलं, एकेकाचे दात दिसले. सत्यवती तेवढी हसत नव्हती. मान खाली घालून बसली होती.
घरी येताना विचारलं, हे असं कधीपासून? म्हणाली, पयल्यापासून.
मग आजवर बोलली का नाहीस?
म्हणाली, तुमका दिसत नाय होता, ता बरा होता.
फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

१० डिसेंबर
जेवलो. नीट विचार केला. दोष ऑपरेशनचा आहे. एवढं स्पष्ट दिसणं कलावंताला बरं नव्हे.
डाव्या डोळ्याची तारीख कॅन्सल केली. मंडळाला कळवलं की पुढच्या वर्षी विलाप जास्त लांब करणार. उजवा डोळा मिटून.