दर्भाचा पुतळा, पाच फूट सात इंच

मी, सौ. मालन सर्जेराव शेडगे, वय वर्षे बासष्ट, धंदा शिवणकाम, मूळ गाव तालुका पाटण, जिल्हा सातारा, हल्ली राहणार मालवीय नगर, जयपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे तेवढे नाहीत. नावाआधीचं 'सौ.' कोणी खोडू नये. कारण पुढे येईल.

१. राहतं घर माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा उत्तमराव, निवृत्त सुभेदार, आणि सून सुमन या दोघांना निम्मं निम्मं. सुमनचं नाव कागदावर असलंच पाहिजे. बाईचं नाव कागदावर नसलं की काय होतं ते मी भोगलं आहे.

२. शिवणयंत्र नात निशिगंधा हिला. याच यंत्रावर लोकांचे कपडे शिवून मी तिच्या बापाला वाढवलं. ती म्हणेल, "आजी, मतलब मी याचं करू काय?" तेल घालायचं आणि विकायचं नाही, एवढंच.

३. आता मुख्य गोष्ट. माझे पती सर्जेराव १९४२ साली पलटणीबरोबर बोटीने लढाईवर निघाले. शत्रूने बोट बुडवली. सरकारचं पत्र आलं, 'बेपत्ता'. आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात, मग दर्भाचा पुतळा करून जाळतात आणि माणूस गेला असं धरतात. बारा वर्षं भरली तशी दीर भीमराव मला न विचारता भटजी आणि दर्भ घेऊन दारात उभे राहिले. माझं कुंकू पुसायला बायकाही येऊन बसल्या. मी तो दर्भ उचलला आणि म्हशीपुढे टाकला. "ते जिवंत आहेत," असं ठणकावून सांगितलं आणि उत्तमला घेऊन त्याच दिवशी साताऱ्याला निघून गेले.

ते खोटं होतं. पलटणीतले ज्ञानोबा मांढरे जपान्यांच्या कैदेतून सुटून १९४६ साली गावी आले, तेव्हाच मला सगळं कळलं होतं. दोघं एका फळीला धरून पाण्यात होते. दुसऱ्या दिवशी सर्जेरावांचा हात सुटला. मी विचारलं, "माझं नाव घेतलं का?" ज्ञानोबा म्हणाले, "न्हाय वैनी. पानी मागत हुता." मी त्यांना शपथ घातली, हे कोणाला सांगायचं नाही.

माझ्यापाशी सर्जेरावांचं काहीच आलं नाही. राख नाही, बिल्ला नाही. कपाळावरचं कुंकू तेवढं उरलं. ते भीमरावांच्या सोयीने पुसायला मी तयार नव्हते, आजही नाही.

४. उत्तम, तुझी मात्र मी गुन्हेगार आहे. दर बदलीला तू जुन्या घरमालकाकडे नवा पत्ता ठेवून यायचास, "कोई सर्जेराव नाम के आएं तो दे देना." मी बाजूला सामान बांधत असायची आणि बोलायची नाही. पितृपक्षात तू बापाला कधी पिंड दिला नाहीस. याचं मला फार वाईट वाटतं. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून हा कागद.

५. मी मेले की दर्भाचा पुतळा करायचा. हातभर करतात तसा नको. पाच फूट सात इंच. त्यांच्या भरतीच्या कागदावर उंची लिहिली आहे, कागद ट्रंकेत आहे. पुतळा माझ्या उजव्या अंगाला ठेवून दोघांना एकच अग्नी तू द्यायचा. म्हणजे मी घटकाभरही विधवा होत नाही आणि तुला तुझा बाप पोचवता येतो. माझं कुंकू कोणी पुसायचं नाही.

चारदीवारीतल्या, म्हणजे इथल्या जुन्या शहरातल्या, पंडितजींना विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, "माताजी, ऐसा कहीं नहीं होता." मी म्हटलं, "दोनों के मंत्र आते हैं ना? फिर होगा."

शेजारणी सती म्हणून हात जोडायला आल्या तर त्यांना फाटकातूनच परत पाठवा. मी सर्जेरावांच्या मागे गेले नाही. चव्वेचाळीस वर्षं मी त्यांना थांबवून धरलं.

अग्नी देण्याआधी पुतळ्याला पाणी पाजायचं. गंगाजलाचा थेंब नको. आपल्या माठातलं, तांब्याभर.

६. भीमरावांनी चितेला हात लावायचा नाही. तेराव्याचं जेवण मात्र पोटभर वाढा. दात गेले आहेत त्यांचे, भात मऊ करा.

हे मी सांगितलं तसं शेजारी श्रीपाद मुजुमदार यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. ज्ञानोबा एवढ्यासाठी गावाहून आले. उत्तमला, ते डोळे दाखवायला आलेत, असं सांगितलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यात बदल करणार नाही.

जयपूर, दिनांक १२ नोव्हेंबर १९८६
(सही) सौ. मालन सर्जेराव शेडगे

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. (सही) श्रीपाद मुजुमदार, बँक अधिकारी, मालवीय नगर.

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या हाताने: वैनींनी माझ्यासमोर सही केली. कलम तीनमध्ये एक दुरुस्ती आहे. सर्जेरावाचा हात आपसूक सुटला नव्हता. मी सोडवला. फळी दोघांना पेलत नव्हती. हे वैनींना चाळीस वर्षं सांगितलं नाही, आत्ता सांगितलं. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "लिहा भावजी, आणि सही करा. पाणी तुम्ही पाजायचं."
(सही) ज्ञानोबा मांढरे