ती माता नव्हती, आबा

आबा, मला तुमचा अजून राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डाळीला फोडणी देताना मध्येच उसळून येतो आणि लसूण करपतो.

मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरची ती इंजेक्शनं तेव्हा नवीनच होती. शरीराचीच ताकद जागी करून रोगावर सोडायची, असं डॉक्टर म्हणाले होते. दर शनिवारी मी जळगावहून आठवड्याची तीन इंजेक्शनं थर्मासात बर्फ घालून आणायची, धुळ्याच्या एसटीत थर्मास मांडीवर धरून. गावात फ्रिज एकच, सोडा-लेमनच्या दुकानात, तिथे ठेवायची. कंपाउंडर घरी येऊन दंडात टोचायचा. आणि एका शनिवारी येऊन बघते तर दाराला कडुलिंबाचा डहाळा, डाळ बिनफोडणीची, आणि तुम्ही पाल्यावर उघडे निजलेले, छाती-पाठ लाल पुरळाने भरलेली. तुमची मोठी बहीण, अक्का, उशाशी बसून डहाळीने वारा घालतेय. कंपाउंडरला तिनेच दारातून परत पाठवलेलं. तिन्ही इंजेक्शनं दुकानात तशीच पडून. मी ओरडले, हे औषधाचं पुरळ आहे, देवी-कांजिण्यांची माता नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "घरमा माता उनी शे. आते सुई नको."

फवारणीच्या डब्यावरचा कागद दोनदा वाचल्याशिवाय औषध न कालवणारे तुम्ही! कपाशीला जेवढं जपलंत तेवढं स्वतःला का नाही जपलंत? पुरळ उतरेपर्यंत तीन आठवडे गेले. मग तुम्ही आपणहून दंड पुढे केलात, पण तोवर खोकल्यातून रक्त यायला लागलं होतं. सुया चालू राहिल्या असत्या तरी फरक पडला असता असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याचाही मला रागच आला.

त्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पुरळ येऊ शकतं, आलं तर परस्पर थांबवू नका, मला कळवा, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. घरी सांगितलं नाहीत का?" मी म्हणाले, सांगितलं होतं, पण आबा कोणाचं ऐकत नाहीत.

हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. मी सांगितलंच नव्हतं. ऐकून तुम्ही पहिलीच सुई नाकाराल, याची मला भीती वाटली होती. डॉक्टरांपुढे मी ते बोलले तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होतात, आबा. शर्टाची बटणं लावत राहिलात आणि मला खोटं पाडलं नाहीत.