अक्कासाठी कडुनिंबाचा मध

७ एप्रिल १९९१, जळगाव
सकाळी धुळ्याहून अक्काचा मुलगा भास्कर आला. अक्काला अन्न जात नाही. "मावशी, आई म्हणते तुझ्या पेटीतला मध चाटीन, दुसरं काही नको."
मधमाश्यांची पेटी उघडून दाखवली. चौकटी भरल्यात, पण घरं उघडी. एकावरही मेणाचं झाकण नाही. चौकट तिरकी केली तर पाण्यासारखं ठिबकलं. हा मध नव्हे, कडुनिंबाच्या फुलांचं गोड पाणी. देणार नाही म्हटलं. तोंड पाडून गेला. पाडो.

१० एप्रिल, धुळे
अक्का निम्मी झालीय. तरी समजावलं. माशी फुलातला रस पोटातल्या पिशवीत आणते. पेटीतल्या माशा तो तोंडातोंडी घेतात-देतात, त्यांची लाळ मिसळते. मग घरांत भरून पंखांनी वारा घालायचा, पाणी उडवायचं. दाट झाला की झाकण. आधी काढला तर आंबतो.
अक्का म्हणे, "माले काय बरनी भरनी शे? बोटभर चाटनं शे. हाईच शिकाडं का तुले इंग्रजी शाळामा?"
हेच शिकवलं. अर्धवट काम कुणाच्या हातात द्यायचं नाही.

१४ एप्रिल, जळगाव
भलत्या वेळी ढग. हवा दमट, रस आटेना. संध्याकाळी पेटीला कान लावला. आत पंखांची घरघर चालूच. उरका गं बायांनो.
भा.चा फोन. पाणीसुद्धा चमच्यानं. "मावशी, कसलाही दे." बाजारातला घे, म्हणून ओरडले त्याच्यावर. त्याच्यावर कशाला...

१९ एप्रिल
झाकणं आली. पांढरीशुभ्र, चौकटभर. कापला. दाट, मागून किंचित कडू. असा मध जिल्ह्यात कुणाकडे नसेल.
एका बोटानं काय बिघडलं असतं? पेटी तर बिघडली नसती.

२० एप्रिल, धुळे
डॉक्टर म्हणाले पोटात काही नको, हवं तर ओठांना लावा. लावला. अक्कानं ओठ घट्ट मिटले, तोंड भिंतीकडे फिरवलं.
भा. म्हणतो, "तिला आता कळत नाही, मावशी." न कळणारं माणूस असं तोंड फिरवतं?
पदरानं पुसायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. बाजूला सारत होती की पुसू नको म्हणत होती...
विचारलं. दोनदा. पदर मागे घेतला.
मध अजून ओठांवरच आहे.